वजनरहित अवस्थेत रंग आणि पाणी: आधी काठ ठरवावा, मग चित्र

पुण्यात चित्रकलेचे उच्च शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मला वजनरहित अवस्थेत द्रवरंगांनी काम करायचे आहे. पुढेमागे पॅराबोलिक उड्डाणाची, म्हणजे विमान कमानीसारख्या वाटेने उडवून काही सेकंद वजनरहित अवस्था देणाऱ्या उड्डाणाची, संधी मिळाली, तर रंग हवेत मोकळे सोडून तरंगते चित्र घडवावे असे मनात आहे. तेथे रंग कसे वागतील, कोणते द्रव न्यावेत, आणि पुण्यात राहून याची काही तयारी करता येईल का?"

मी गेली सव्वीस वर्षे पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाची आकसण्याची ओढ) आणि केशाकर्षण (बारीक नळीत किंवा फटीत द्रव आपोआप चढणे) यांवर प्रायोगिक काम करते आहे, आणि त्यातला बराच काळ चित्रकार व छायाचित्रकार मित्रांसोबत पाणी, तेल आणि शाई यांच्याशी झटण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगते, की तयारी पुण्यात नक्की करता येते, आणि पुष्कळ करता येते; परंतु रंग हवेत मोकळे सोडण्याची कल्पना आपण बाजूला ठेवावी. वजन गेले की द्रव मोकळा होतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची मालकी फक्त बदलते. पृथ्वीवर त्याला वजन आकार देते, तेथे तो ज्या काठाला चिकटला असेल तो काठ देतो. म्हणून या कलेत पहिले रेखाटन रंगाचे नसून काठाचे असते.

एक गैरसमज आधी दूर करते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तेथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक, त्यातली माणसे आणि त्यांच्या पाण्याच्या पिशव्या हे सारे एकाच वेगाने सतत पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून कोणाचेच वजन कोणावर पडत नाही. पॅराबोलिक उड्डाणाच्या विमानातही हेच घडते, फक्त थोडा वेळ. हे लक्षात ठेवण्याचे कारण असे, की जे पडण्याने मिळते ते जिन्यावरून खोके सोडूनही मिळवता येते. त्याकडे मी पुढे येते.

वजन गेल्यावर उरतो पृष्ठताण. तो जमिनीवरही असतो, पण फार लहान आकारात आपली सत्ता दाखवतो. अळवाच्या पानावरचा मोहरीएवढा थेंब मोत्यासारखा गोल दिसतो; तोच वाढत वाढत रुपयाच्या नाण्याएवढा झाला की चपटा होतो. या दोन अवस्थांमधली सीमा पाण्याच्या बाबतीत सुमारे २.७ मिलिमीटर असते. तिच्या आत पृष्ठताणाचे चालते आणि बाहेर वजनाचे. कक्षेत ही सीमा इतकी लांब जाते, की नारळाएवढे पाणीही अळवावरच्या त्या लहान थेंबासारखे गोल राहते. २०२५च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकातून असा पाण्याचा गोळा दाखवला, तेव्हा तो भिंगासारखा काम करताना अनेकांनी पाहिला असेल.

आपल्याकडे पाण्यावरची रांगोळी काढतात, तिचा विचार या दृष्टीने करून पाहावा. घंगाळातले पाणी अगदी निवांत होऊ देतात, मग चिमटीतून रंग हलकेच भुरभुरवतात आणि तो पाण्याच्या पाठीवर तरंगत राहतो. अबरीचा कागदही असाच होतो. डिंकासारख्या द्रव्याने दाट केलेल्या पाण्यावर रंग पसरवायचे, काडीने किंवा फणीने ओढायचे आणि वरून कागद टेकवून ठसा उचलायचा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात विजापूरच्या चित्रकारांनी या अबरीतून घोड्यांची आणि माणसांची चित्रे घडवली आहेत. या दोन्ही कलांमध्ये रंग पृष्ठताणावर तरंगतो, हे सगळे सांगतात. पण ज्या सपाट पाठीवर तो तरंगतो, ती सपाटी वजनाची देणगी आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. वजन गेले की घंगाळात सपाट पाणी राहत नाही. ते भांड्याच्या भिंतीवर चढते, कोपऱ्यांत शिरते, आणि धक्का बसला तर गोळा होऊन बाहेर पडते. स्थानकातल्या जपानच्या किबो प्रयोगशाळेत पाण्याच्या गोळ्यावरच मार्बलिंग, म्हणजे अबरीसारखी नक्षी, करण्याचा कलाप्रयोग झाला आहे. गोळ्यावर नक्षी उमटते आणि ती देखणी दिसते, परंतु तिच्यावर कागद टेकवला की तो गोळाच कागदावर चढू लागतो.

या चिकटण्याचा अंदाज जमिनीवर येत नाही. अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी २०१३ मध्ये स्थानकात ओले फडके पिळून दाखवले होते. पाणी खाली पडले नाही. फडक्याभोवती त्याची नळी तयार झाली आणि ते हातांवर पसरून तेथेच राहिले. त्याच वर्षी १६ जुलैला अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या स्पेसवॉकमध्ये हेल्मेटच्या आत पाणी गळू लागले. ते खाली न जाता चेहऱ्याला चिकटत नाक आणि डोळ्यांवर आले आणि स्पेसवॉक अर्ध्यावर थांबवावा लागला. हवेत सोडलेला रंगही पहिला जो घन पृष्ठभाग भेटेल त्याला धरतो, मग तो कागद असो, कॅमेऱ्याचे भिंग असो की आपला हात.

फ्रँक पिएत्रोनिग्रो या अमेरिकी कलावंताने १९९८ मध्ये केसी-१३५ या विमानात प्लास्टिकच्या पारदर्शक कक्षात स्वतः तरंगत रंग सोडून पाहिले आणि त्या कामांना ड्रिफ्ट पेंटिंग म्हटले. ते धाडस मला मोलाचे वाटते, आणि आपल्या मनातली कल्पना त्याच कुळातली आहे. तरीही विमानातली परिस्थिती आकड्यांत पाहावी. फ्रान्समधल्या बोर्दो येथून उडणाऱ्या ए-३१० विमानात एका पॅराबोलात, म्हणजे एका कमानीत, सुमारे २२ सेकंद वजनरहित अवस्था मिळते, आणि तिच्या आधी व नंतर सुमारे २० सेकंद १.८ पट वजन असते. ती बावीस सेकंदेही पूर्ण शुद्ध नसतात. शंभरातला एखादा भाग वजन इकडेतिकडे उरतेच. तेवढ्या उरलेल्या वजनानेही मोकळा गोळा पाच सेकंदांत मीटरभर सरकू शकतो. म्हणजे आपले तरंगते चित्र निम्म्या वेळेच्या आतच भिंतीला लागलेले असेल. स्थानकात उरलेले वजन फार कमी असते, पण तेथे पंखे सतत हवा खेळवत असतात आणि सुटलेला थेंब शेवटी हवेच्या जाळीवर जाऊन बसतो.

म्हणून द्रव कशाला तरी बांधून ठेवावा. यासाठी मला सर्वांत सुंदर वाटलेले साधन अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २००२-०३ च्या आपल्या स्थानकातल्या मुक्कामात दाखवले. तारेचे कडे पाण्यात बुडवून अलगद बाहेर काढले, की वजनरहित अवस्थेत त्यात साध्या पाण्याचा, साबण नसलेल्या पाण्याचा, जाड पडदा राहतो. जमिनीवर असा पडदा क्षणात फाटतो. कक्षेत तो टिकतो, त्यावर फुंकर घातली तर त्यात भोवरे फिरतात, आणि कड्याची एक बाजू तापवली तर पाणी आपोआप वाहू लागते. या शेवटच्या प्रवाहाला मॅरँगोनी प्रवाह म्हणतात: जेथे पृष्ठताण कमी, तेथून जेथे तो जास्त तिकडे पृष्ठभाग ओढला जातो. जमिनीवर तापलेले पाणी वर जाते आणि त्या गडबडीत हा प्रवाह झाकला जातो. तेथे तोच उघडा पडतो.

मला असे वाटते, की आपल्याला हवे असलेले घंगाळ हेच आहे. बांगडीएवढ्या, म्हणजे सहा सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात दोन मिलिमीटर जाडीचा पडदा धरायला चमचाभर पाणी पुरते. त्याला दोन सपाट पाठी आहेत आणि दोन्हींवर रंग तरंगवता येतो. कड्याची आतली कड स्वच्छ धातूची ठेवावी आणि बाहेरच्या अंगाला मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे पाणी आतल्या धारेवर अडते आणि बाहेर ओघळत नाही. कागद टेकवायचा असेल तर त्याला आधी तुरटीचे पाणी देऊन वाळवावा, अबरीवाले देतात तसे. नाहीतर रंग धरत नाही. पुण्यात हातकागद सहज मिळतो, मात्र खळ न दिलेला कागद पडदा एका दमात पिऊन टाकतो, त्यामुळे खळ दिलेलाच घ्यावा.

आता वेळेविषयी, कारण चित्रकार येथे बहुधा फसतात. पाण्याचा गोळा हलला की थरथरतो, आणि ती थरथर किती वेळ टिकते हे गोळ्याच्या त्रिज्येच्या वर्गावर आणि द्रवाच्या विष्यंदितेवर, म्हणजे त्याच्या दाटपणावर, अवलंबून असते. लिंबाएवढ्या, दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या पाण्याच्या गोळ्याचे एक स्पंदन सुमारे पाऊण सेकंदाचे असते. पण ती थरथर एक-तृतीयांशावर यायला जवळजवळ ८० सेकंद लागतात. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्याला तर आठ मिनिटे लागतात. विमानात आपल्या हाती २२ सेकंद आहेत. म्हणजे साध्या पाण्याचा गोळा तेथे कधीच शांत होणार नाही. तो सारा वेळ डचमळत राहील आणि त्यावर नाजूक काही काढता येणार नाही. वजनाने निम्मे ग्लिसरीन मिसळले, तर तीच थरथर सुमारे १५ सेकंदांत उतरते. साठ टक्के घातले तर आठ-नऊ सेकंदांत. पृष्ठताण मात्र त्याने फारसा घटत नाही, ही ग्लिसरीनची मोठी सोय आहे. त्याची अडचणही सांगायला हवी: ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते आणि कागदावर कधीच पुरते वाळत नाही. म्हणून ज्या कामाचा शेवट चित्रफितीत होणार आहे त्याला ग्लिसरीन वापरावे, आणि ज्याचा ठसा कागदावर घ्यायचा आहे त्याला डिंकाने किंवा मिथाइल सेल्युलोजने, म्हणजे पाण्यात विरघळून ते दाट करणाऱ्या पुडीने, दाटपणा आणावा.

रंग पाण्याच्या आत सोडणार असाल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेल्यातल्या पाण्यात शाईचा थेंब टाकला की त्याच्या जटा खाली उतरतात, त्या फुलतात आणि काही क्षणांत पेला रंगून जातो. ते सगळे शाई पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे होते. वजनरहित अवस्थेत सुईने सोडलेला रंग जेथे थांबतो तेथेच राहतो. मग त्याला पसरवायला केवळ विसरण, म्हणजे रंगाच्या कणांचे आपोआप पसरणे, उरते, आणि ते फार संथ असते. सामान्य रंगद्रव्याला एक मिलिमीटर पसरायला पंधरा-वीस मिनिटे आणि एक सेंटिमीटर पसरायला दिवसाहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे गोळ्याच्या पोटात सुईने खरोखर रेघ ओढता येते, आणि ती टिकते. जलरंगातली फुटणारी, पसरणारी ओल ज्यांना प्रिय आहे त्यांना हे सुरुवातीला कोरडे वाटेल. मला स्वतःला द्रवाच्या आत रेघ थांबून राहते हीच या माध्यमाची सर्वांत मोठी देणगी वाटते. बुडबुड्यांचेही असेच आहे. अंतराळवीर स्कॉट केली यांनी २०१५ मध्ये रंगवलेल्या पाण्याच्या गोळ्यात फसफसणारी गोळी घातली, तेव्हा बुडबुडे वर जाऊन सुटले नाहीत. बरेचसे पाण्यातच अडकून गोळा फुगवत राहिले.

कुंचल्याविषयी थोडक्यात: अंतराळवीर निकोल स्टॉट यांनी २००९ मध्ये स्थानकात जलरंगांचे चित्र काढले आहे, त्यामुळे ते शक्य आहे, हे सिद्धच आहे. पाणी गोळा होऊन कुंचल्याला लटकते आणि कागदाला टेकताच झटकन सगळे कागदावर उतरते, हे ध्यानात ठेवून फटकाऱ्याऐवजी टिपक्यांनी काम करावे. त्याहून मागे, १९६५ मध्ये, सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांनी अंतराळात दोऱ्याने बांधलेल्या रंगीत पेन्सिलींनी सूर्योदय रेखाटला होता. तेथे द्रवाचा प्रश्नच नव्हता.

आता पुण्यातली तयारी. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या घेंट येथील भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी जमिनीवरच वजन झाकून टाकण्याची एक युक्ती काढली. पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण तेलाच्या घनतेइतके करायचे आणि त्यात तेल सोडायचे; तेल ना तळाला जाते ना वर येते, मधोमध गोल होऊन थांबते. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी मी ही पेटी कितीतरी वेळा मांडली आहे. काचेची वीतभर उंच चौकोनी पेटी घ्यावी, वजनाने साधारण निम्मे पाणी आणि निम्मे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळावे, आणि रात्रभर झाकून ठेवावे. मिसळताना ते कोमट होते आणि त्यातून बारीक बुडबुडे सुटतात. पहिल्या खेपेस मी थांबले नाही, लगेच तेल सोडले. बुडबुडे तेलाला चिकटून गोळा वर ओढू लागले आणि सगळा घाट वाया गेला. तेल शेंगदाण्याचे गाळलेले चालते. खाण्याचा रंग त्यात विरघळत नाही, मेणबत्तीसाठी मिळणारा रंग विरघळतो. गोळा तळाशी बसू लागला तर थेंब थेंब पाणी घालावे, वर जाऊ लागला तर अल्कोहोल. झाकण उघडे राहिले तर अल्कोहोल उडते, मिश्रण जड होते आणि सकाळी मधोमध असलेला गोळा संध्याकाळी वर आलेला दिसतो. हे मिश्रण ज्वालाग्राही आहे, त्यामुळे त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, गॅस यांपैकी काहीही पेटते ठेवू नये आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

या पेटीत पहिला धडा असा गिरवावा. तारेची दोन समान कडी समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये तेल भरावे, म्हणजे तेलाचा आडवा खांब तयार होतो. कडी हळूहळू दूर न्यावीत. खांबाची लांबी त्याच्या परिघाहून, म्हणजे व्यासाच्या साधारण ३.१४ पटीहून, वाढली की तो कितीही स्थिर हातांनी धरला तरी तगत नाही. आधी एका अंगाला किंचित कंबर येते, मग ती दोऱ्यासारखी बारीक होते आणि तुटते. दोन्ही कड्यांवर एकेक गोळा राहतो आणि मध्ये, दोरा होता तेथे, मुगाएवढा एक थेंब एकटा थांबलेला असतो. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे आणि तरीही तो मधला थेंब दिसला की हातातले काम थांबवून त्याच्याकडे पाहत राहते. कक्षेतही हाच नियम चालतो. लांब सळईसारखा द्रवाचा आकार हवा असेल, तर त्याला आतून तारेचा आधार द्यावा लागेल, हे येथेच कळते. मात्र पेटीतून फक्त आकार शिकावेत, वेळ शिकू नये. भोवतीचा द्रव प्रत्येक हालचालीला अडवतो, त्यामुळे येथे जे सावकाश घडते ते हवेत झपाट्याने घडेल.

वेळ शिकण्यासाठी खोके सोडावे. दोन मीटरांवरून सोडलेली वस्तू ०.६४ सेकंद पडते, ४.९ मीटरांवरून एक सेकंद. मोबाइलच्या कॅमेऱ्याने सेकंदाला २४० चौकटी घेतल्या तर दोन मीटरांच्या पडण्यातही दीडशे चौकटी मिळतात. मोठ्या खोक्याच्या आत लहान खोके मोकळे राहील असे ठेवावे, म्हणजे हवेचा अडथळा बाहेरचे खोके सोसते. कॅमेरा, दिवा आणि भांडे आतल्या खोक्यात घट्ट बसवावे. खाली जाड फोम आणि जुन्या गाद्या घालाव्यात. सोडताना हाताने सोडू नये. हाताच्या धक्क्याने पाणी आधीच हलते आणि मग दिसते ती हाताची चूक असते, पाण्याचा स्वभाव नव्हे; टांगलेला नायलॉनचा दोरा कात्रीने कापावा. तीन सेंटिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी ठेवून सोडले, की पाव सेकंदाच्या आसपास त्याची सपाट पाठ वाटीसारखी खोल होऊन काठ वर चढलेले दिसतात. त्याच नळीला आतून मेण लावले तर पाठ उलट फुगते. आपली कडी, आपले रंग, आपला दाटपणा या खोक्यात एकेक करून पाहावेत.

विमानात नेण्यासाठी द्रव निवडताना विषारी, ज्वालाग्राही किंवा उग्र वासाचे काहीही धरू नये. टर्पेंटाइन, स्पिरिट, तैलरंग यांचा विचारच सोडावा. पाणी, ग्लिसरीन, डिंक आणि खाण्याचे रंग यांत पुष्कळ काही होते. आणि त्यांच्या जोडीला अभ्रकाची अगदी बारीक भुकटी न्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिचे चपटे कण प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि प्रकाशात चमकतात, त्यामुळे पाण्यातली प्रत्येक वळणाची रेघ दिसू लागते. जमिनीवर ते कण काही मिनिटांत तळाशी बसतात आणि चित्र विझते. कक्षेत बसायला तळ नाही. भुकटी पाण्यात तशीच राहते.

संपूर्ण मांडणी दुहेरी बंद पेटीत असावी, कारण १.८ पट वजन परत येते तेव्हा कड्यातला प्रत्येक पडदा कोसळणारच आहे. त्यामुळे प्रत्येक पॅराबोलात पडदा नव्याने ओढता येईल अशी सोय हवी. पाण्याने भरलेला स्पंज एका फटीत बसवून त्यातून कडे सरकवावे, ही मला आतापर्यंत सापडलेली सर्वांत भरवशाची रीत आहे. पडदा ओढायला तीन सेकंद, शांत व्हायला पाच, रंगाला सात आणि कागद टेकवून उचलायला पाच, असा हिशेब धरून त्याचा सराव घड्याळ लावून करावा. उड्डाणासाठी प्रस्ताव लिहाल तेव्हा चित्राच्या रेखाटनाआधी कड्याचे रेखाटन जोडावे, आणि त्यावर व्यास, तारेची जाडी आणि मेण नेमके कोठे लावले आहे, हे लिहावे.